वाट बदलणं म्हणजे चीटिंग नव्हे

मारिओचा गेम कमीत कमी वेळात संपवायचे रेकॉर्ड असतात. त्यावरून नांदेड-लातूरकडच्या पोरांच्या गेमिंग ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: "मारिओचा रेकॉर्ड म्हणजे नुसती बोटांची चपळाई. जे भलत्याच पाइपातून भलतीकडं निघतात ते चीटर. अन् एकदा शॉर्टकट कळला की कुणीही रेकॉर्ड मोडेल." यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी चपळाईचं बघू. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये लेव्हल संपली की पुढची लगेच लागत नाही. गेम दर २१ फ्रेमला (फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एकेक चित्र), म्हणजे साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं, एकदाच पुढची लेव्हल लावतो. लातूरच्या स्टँडवर धावत-पळत आधी पोचलात तरी एसटी तिच्या टायमालाच सुटते, तसं. चार फ्रेम वाचल्या, पण आधीची गाडी सापडली नाही, तर त्या वाया. (शेवटच्या लेव्हलला, ८-४ ला, मात्र हा नियम नाही, तिथं एकेक फ्रेम मोजली जाते.) बोटं थकतात तिथं वाटच बदलावी लागते.

४-२ ही लेव्हल घ्या. तिथं लपलेले ठोकळे उघडायचे, विटेतून वेल उगवायचा, त्यावर चढून वार्प झोन, म्हणजे मधल्या लेव्हली गाळून पुढं नेणारी जागा, गाठायचा. चढण्यात वेळ जातो. रनर्सनी, म्हणजे रेकॉर्डसाठी खेळणाऱ्यांनी, हेरलं की पाइपात शिरलेला मारिओ कुठं निघणार, हे गेम स्क्रीन किती सरकली त्यावरून ठरवतो. मग मारिओला मुद्दाम ठोकळ्याला धडकवत स्क्रीनवर नेहमीपेक्षा उजवीकडं आणायचं आणि स्क्रीन पुरती सरकायच्या आत पाइपात उतरवायचं. गेमकडं अजून वेलाचाच पत्ता असतो, त्यामुळं मारिओ थेट वार्प झोनमध्ये. हे ज्यानं शोधलं त्याला मी मनापासून मानतो.

याला चीटिंग कसं म्हणणार? गेम जसाच्या तसा, बटणं माणसानंच दाबलेली. व्हिडिओ जोडून लावणं, गेम बदलणं, ही चीटिंग. ग्लिचशिवाय, म्हणजे गेममधल्या अशा चुकांचा फायदा न घेता, खेळणाऱ्यांची कॅटेगरी वेगळीच असते. सुपर मारिओ ६४ मध्ये बाउझर या खलनायकाशी शेवटची लढत गाठायला ७० तारे लागतात. उलट्या लांब उड्या मारत बंद दारं अन् वाटेतला न संपणारा जिना ओलांडला तर एकही नाही. म्हणून तिथं १२०, ७०, १६, १ आणि ० ताऱ्यांचे रेकॉर्ड वेगवेगळे ठेवतात.

राहिलं 'कुणीही मोडेल'. ४-२ची ही युक्ती रनर्समध्ये कुणापासून लपलेली नव्हती. तरी सुपर मारिओ ब्रदर्स ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत पहिल्यांदा संपवायला २०२१ उजाडलं.