मतदानाचे वय १६ करावे का?

मतदानाचे वय १८ वरून १६ वर आणण्याची चर्चा निघाली की पहिला आक्षेप ठरलेला असतो: एवढ्या लहान मुलांना राजकारणातले काय कळते? मला हा प्रश्न फसवा वाटतो. पन्नाशीतल्या मतदाराच्या समजुतीची परीक्षा आपण कधी घेत नाही, मग ती सोळाव्या वर्षीच का घ्यावी? अर्थात एवढ्यावरून १६ हेच वय योग्य ठरत नाही, कारण हाच युक्तिवाद बारा वर्षांच्या मुलासाठीही करता येतो.

वय घटवण्याचे निर्णय तत्त्वाइतकेच सोयीनेही झालेले आहेत. ज्याला सक्तीने युद्धावर पाठवता त्याला मत का नाही, हा सवाल व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत तापला होता हे खरे. पण तिथे मतदानाचे वय १८ करणाऱ्या घटनादुरुस्तीला वेग आला तो निराळ्याच कारणाने. संसदेने कायद्याने १८ वर आणलेली वयोमर्यादा केंद्रीय निवडणुकांपुरती चालेल, राज्यांच्या निवडणुकांसाठी नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दिला. म्हणजे ज्या राज्यात वय २१ होते तिथल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने एकाच केंद्रावर राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचे आणि गव्हर्नरसाठी मात्र हात हलवत परत यायचे! मतदारांच्या दोन याद्या सांभाळण्याचा तो व्याप आणि खर्च कोणालाच नको होता. २६ व्या घटनादुरुस्तीला राज्यांची पुरेशी मंजुरी अवघ्या शंभर दिवसांत मिळाली.

नवे मतदार उपकार स्मरतील, ही आशाही फारशी फळत नाही. १९७२ मध्ये तरुणांच्या मतांवर भिस्त ठेवणारे, अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यांत हरले. भारतात राजीव गांधी सरकारने ६१ वी घटनादुरुस्ती करून वय २१ वरून १८ केले. ती मार्च १९८९ मध्ये अमलात आली आणि वर्ष संपायच्या आत ते सरकार गेले. (तरुणांनीच पाडले असे नव्हे, पण वाचवले नाही, एवढे नक्की.)

म्हणूनच कोणाचा फायदा होईल हे गणित बाजूला ठेवून, पहिले मत माणूस आयुष्याच्या कोणत्या वळणावर देतो ते पाहावे, असे मला वाटते. अठराव्या वर्षी मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी घर सोडतात, पत्ता बदलतो, नाव यादीत राहून जाते. सोळाव्या वर्षी ती घरी आणि शाळेत असतात. स्कॉटलंडमधील २०१४ च्या स्वातंत्र्याबाबतच्या सार्वमतानंतर निवडणूक आयोगाने केलेल्या पाहणीत १६-१७ वयाच्या ७५ टक्के जणांनी मत दिल्याचे सांगितले, तर १८ ते २४ वयोगटात हे प्रमाण ५४ टक्के होते. सार्वमताचा ज्वर वजा केला तरी ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत १६-१७ वयासाठी मतदान ऐच्छिक ठेवले आणि १८ पासून सक्तीचे केले. ही रचना मला आवडते, पण त्यात एक खोच आहे. मत ऐच्छिक आणि नोंदणीही स्वतःहून करायची असेल, तर ज्या घरात राजकारणाची चर्चा होते तिथलीच मुले आधी पोहोचतात. त्यामुळे नावनोंदणी शाळेतच, आपोआप व्हावी, यावर मी अडून बसेन. तेवढी तयारी नसेल तर वय १८ च राहू द्यावे.