शेत विकू नका, गोडाऊन टाका

हायवेपासून आत दोन-चार एकर असेल आणि तरी तुम्ही अजून त्यात भात लावत असाल तर तुमच्याबद्दल गावात काय बोलतात ते इथं लिहीत नाही. भिवंडीजवळची मानकोली, राहनाळ, वडपे ही गावं बघून या, शेडला शेड लागलीय. शेत विकायचं नाही, शेड टाकायची आणि दर महिन्याच्या ७ तारखेला मोबाईलवर भाडं जमा झाल्याचा मेसेज बघायचा, एवढाच काय तो धंदा.

आधी थोडा इतिहास पाठ करा, ब्रोकरसमोर उपयोगी पडतो. भिवंडी गोडाऊनचं गाव झालं ते जकातीच्या कृपेनं. मुंबईत माल नेला की जकात, म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आणि जाणकार म्हणाले आता भिवंडी संपली. झालं उलटंच. राज्याबाहेर माल विकला की सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, लागायचा, तो वाचवायला कंपन्या राज्याराज्यात छोटी छोटी गोडाऊनं ठेवायच्या. ते कारणच उरलं नाही, मग चार ठिकाणचा माल एकाच मोठ्या गोडाऊनात. म्हणजे जकात असली तरी भिवंडी, गेली तरी भिवंडी, असा धंदा सोडून तुम्ही भात लावताय.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारनं गोडाऊनला इन्फ्रास्ट्रक्चरचा दर्जा दिला, म्हणजे कर्ज स्वस्त. ब्रोकर हे सांगेलच. त्यात किमान २५ कोटी गुंतवणूक आणि १ लाख स्क्वेअर फूट अशी अट आहे, ती त्याच्यासमोर काढू नका, उगाच चांगल्या माणसाचा मूड कशाला घालवायचा. आणि दर्जा शेडला मिळालाय, शेडकडं जाणाऱ्या रस्त्याला नाही, हे पावसाळ्यात आपोआप कळतं.

आता कागद. सातबारा काढा पण 'इतर हक्क' हा रकाना वाचू नका, तिथं कुळ, बँकेचा बोजा, चुलत्याची वहिवाट असलं काहीबाही निघतं आणि निर्णय लांबतो. जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, निघाली तर म्हणायचं, होईल वर्ग १, साहेब ओळखीचे आहेत. एनए म्हणजे बिनशेती परवानगी, प्लॅन सँक्शन वगैरे शहरी लोकांचे चोचले. भिवंडीच्या भोवतालच्या गावांना एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हे नियोजन प्राधिकरण आहे, पण ते ठाण्या-मुंबईकडं आणि सरपंच समोरच्या टपरीवर, मग दाखला कुणाचा घ्यायचा तुम्हीच सांगा. पुढं शेड पाडायचा कोर्टाचा आदेश झाला, जेसीबी आला, तर शेजारच्या शेडकडं बोट दाखवायचं. त्यानं तुमच्याकडं आधीच दाखवलेलं असतं.

बांधकामात एकच गोष्ट लक्षात ठेवा, टेनंट सगळं विचारतो आणि ब्रोकर सगळ्याला हो म्हणतो. उंची बारा मीटर? हो. जमिनीला स्क्वेअर मीटरला पाच टन लोड? हो. स्प्रिंकलर? टाकू ना. प्रत्यक्षात मुरूम नीट न दाबता वर काँक्रीट ओतलेलं असतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात जॉइंटजवळ कोपरे सुटायला लागतात, फोर्कलिफ्टची छोटी चाकं त्याच फटीत आपटतात, वरचा पॅलेट (माल रचलेली फळी) डुलतो, ड्रायव्हर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तुम्ही तिथं नसता, तुम्ही मेसेज बघत असता. डॉकसमोर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या कट्ट्यासमोर, जागा सोडायची तर अजिबात गरज नाही, चाळीस फुटी कंटेनर लावलेला ट्रेलर कुठंतरी वळेलच, नाहीतर रिव्हर्समध्ये गेटपासून हायवेपर्यंत जाईल, मागच्यांना थांबायची सवय आहेच.

भाड्याचा एरिया मोजायला मात्र शिका, खरी कला ती. आतली जागा तर धराच, पण डॉकवरचं छप्पर, सिक्युरिटीची केबिन, पंप रूम, ड्रायव्हरांचं टॉयलेट, सगळं मिळवून 'चार्जेबल एरिया' म्हणायचं. टॉयलेट धरायचं, त्यात पाणी असलंच पाहिजे असं अॅग्रीमेंटमध्ये कुठं लिहिलंय.

जाहिरातीत अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, मिनिटांत लिहा, आणि मिनिटं पहाटे तीनची घ्या. चाकणला गोडाऊन असेल तर तळेगाव-चाकण रस्त्याचा उल्लेखच नको, फक्त 'उत्तम कनेक्टिव्हिटी'. आणि समृद्धी! ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, ७०१ किलोमीटर पूर्ण, आणि आमणे पडतं भिवंडी तालुक्यात. तेव्हा प्लॉट कुठल्याही दिशेला असो, तो 'समृद्धीलगत' आहे. ट्रक नागपूरहून सुसाट येईल, मग शेवटच्या दहा किलोमीटरला त्याचं जे व्हायचं ते होईल.

मार्केट रिपोर्ट जरूर वाचा. सल्लागार कंपन्या मोफत काढतात, रंगीत असतात, मागणी नेहमी वाढलेली असते. त्याच कंपन्या गोडाऊन भाड्यानं लावून ब्रोकरेज घेतात, हा निव्वळ योगायोग, त्यावरून मनात काही आणू नका.

टेनंट आला की गावही येतं. हमाल आमचे, टँकर आमचा, जेसीबी आमचा, आणि भंगार तर आमचंच. माथाडी कायदा १९६९ चा, हमालांना पगार-पीएफ मिळावा म्हणून केलेला, चांगला कायदा. आता त्याचं नाव घेऊन असेही लोक येतात ज्यांनी आयुष्यात एक पोतं उचललेलं नाही, ते फक्त पावती उचलतात. त्यांना चहा पाजा. भंगाराच्या कंत्राटावरून दोन गट भिडले तर मध्ये पडू नका, पुठ्ठ्याला किती भाव आहे ते मात्र गुपचूप विचारून ठेवा.

अॅग्रीमेंट नऊ वर्षांचं होईल, पेढे वाटा. लॉक-इन फक्त तीन वर्षांचं आणि तेही टेनंटपुरतं, म्हणजे तो तीन वर्षांनी जाऊ शकतो आणि तुम्ही कर्जासकट जागच्या जागी. तोवर शेजारच्यानं तुमच्यापेक्षा उंच आणि दोन रुपये स्वस्त शेड टाकलेली असेल, टेनंट तिकडं जाईल, जाताना रॅक काढून नेईल आणि जमिनीत तुटक्या बोल्टांची शेकडो भोकं ठेवून जाईल. ती बुजवू नका, खर्च येतो. त्याच संध्याकाळी ब्रोकरला फोटो पाठवा, लांबून काढलेला, आणि खाली लिहा: रेडी पझेशन, रॅकिंगची सोय आहे.