चौदाव्या लुईची प्रजा म्हणे सुखी होती

‘एक राजा, एक निर्णय, देश जगात पहिला’ अशा मथळ्याचा, फ्रान्सच्या चौदाव्या लुईवरचा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझी भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिने तो चक्क नोट्समध्ये उतरवून घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मीच राज्य’ असं ठणकावणाऱ्या या राजाने ७२ वर्षं कुणालाही न विचारता कारभार केला, त्याची युद्धं देशासाठी होती, प्रजा सुखी होती आणि लोकशाही आल्यावर फ्रान्सचं वाटोळं झालं.

‘मीच राज्य’ हे वाक्य तो १६५५ मध्ये पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयात म्हणाला, अशी दंतकथा आहे. त्या काळच्या नोंदींत ते सापडत नाही. ७२ वर्षांचं म्हणाल, तर गादीवर आला तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. १६६१ पर्यंत कारभार मुख्यमंत्री कार्डिनल माझारिनच्या हातात होता.

एक मान्य करायला हवं. १६४८ ते १६५३ दरम्यान सरदारांच्या बंडांनी देश पोखरला होता, ती बंडाळी लुईच्या काळात थांबली. भूमध्य समुद्राकडे जाणारा मिदीचा कालवाही त्याच्याच काळातला. पण कुणालाही न विचारता घेतलेला निर्णय म्हणजे १६८५ चा हुकूमही. त्याने प्रॉटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली. त्यांतल्या कारागिरांना ब्रँडनबुर्ग या जर्मन राज्याने बोलावून वसवलं.

आता ‘देशासाठी’ केलेली युद्धं. १६६७ मध्ये लुईने स्पॅनिश नेदरलँड्सवर (साधारण आजचं बेल्जियम) स्वारी केली ती कशाच्या आधारावर? तिथल्या ब्राबांट प्रांतात पहिल्या बायकोच्या मुलांना वारशात अग्रहक्क देणारा एक खासगी मालमत्तेचा रिवाज होता. लुईची राणी स्पेनच्या राजाच्या पहिल्या बायकोची मुलगी, म्हणून तो मुलूख आमचा! शेतजमिनीच्या वाटणीचा दावा तोफा लावून चालवावा, तसं हे. १६८८ मध्ये धाकट्या भावाच्या बायकोचा माहेरचा हक्क पुढे करून फौजा जर्मनीतल्या पॅलटिनेट संस्थानात घुसल्या. त्या युद्धात हायडेलबर्ग, मानहाइम, श्पायर, वर्म्स ही शहरं उद्ध्वस्त झाली, आणि जिच्या नावाने हे चाललं होतं ती बाई पत्रांतून त्याबद्दल शोक करत होती. १७०१ पासूनचं युद्ध नातवाला स्पेनच्या गादीवर बसवण्यासाठी. तेरा वर्षं लढून नातवाची गादी राहिली. अट अशी की दोन्ही मुकुट कधी एक व्हायचे नाहीत. फ्रान्सच्या शेतकऱ्याला यातून काय मिळालं? खुद्द लुईने मरताना पाच वर्षांच्या पणतूला बजावलं होतं की बांधकामांची आणि युद्धाची माझी हौस तू उचलू नकोस.

आणि ‘प्रजा सुखी होती’. बाकीचं एकवेळ सोडून देईन, हे नाही. १६९३-९४ च्या दुष्काळात, इतिहासकारांच्या अंदाजाने, सुमारे १३ लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या आसपास. पिकं बुडाली हे खरं, पण त्याच वर्षांत युद्धासाठी करवसुलीही चालू होती. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यानंतर पुन्हा तेच झालं.

राजाच्या शत्रूंची साक्ष नको असेल तर व्होबाँची घ्या. लुईचे किल्ले बांधणारा हा माणूस फ्रान्सचा मार्शल, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा सेनानी होता आणि आयुष्यभर देश पालथा घालत हिंडला होता. १७०७ मध्ये त्याने करांवर एक पुस्तक छापलं. त्यात तो लिहितो: दहापैकी जवळजवळ एक हिस्सा जनता भीक मागते. पाच हिस्से स्वतःच जवळपास त्याच अवस्थेत, म्हणून त्या भिकाऱ्यांना काही देऊ शकत नाहीत. तीन हिस्से कर्ज आणि कोर्टकज्ज्यांत अडकलेले. उरलेल्या दहाव्या हिश्श्यात सरदार, धर्मगुरू, अधिकारी, श्रीमंत व्यापारी. दहातले नऊ हिस्से हलाखीत, आणि हे सांगणारा राजाचा स्वतःचा सेनानी! त्यातही मुख्य जमीनकर सरदार आणि धर्मगुरूंना माफ. भरायचा कुणी, तर त्या नऊ हिश्श्यांतल्यांनी.

‘लोकशाही आल्यावर वाटोळं’ याला उत्तर सोपं आहे. १७१५ मध्ये लुई वारला तेव्हा सरकारी कर्ज दोन अब्ज लिव्रच्या (तेव्हाचं फ्रेंच चलन) पुढे होतं, आणि लोकशाहीचा पत्ताही नव्हता.

‘विरोधक नव्हते’ हेही मेसेजमध्ये कौतुकाने लिहिलंय. व्होबाँने सुचवलं होतं की जुने जाचक कर काढा आणि सरदार-धर्मगुरूंसकट सगळ्यांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतचा एकच कर बसवा. राजाच्या मंडळाने पुस्तकावर बंदी घातली. १७०७ च्याच मार्चमध्ये व्होबाँ वारला. तीन वर्षांनी, १७१० मध्ये, युद्धाला पैसा कमी पडला तेव्हा राजाने दहाव्या हिश्श्याचा कर खरोखरच लावला. जुने कर मात्र तसेच ठेवले, आणि धर्मगुरूंनी एकरकमी पैसे भरून सुटका करून घेतली.