एकोणतीस वाटाणे

मे महिना उजाडला, बालवाडीला कुलूप लागले आणि डोंबिवलीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात पाच वर्षांची थोरली व तीन वर्षांचा धाकटा पूर्ण वेळ राहायला आले. तशी ती दोघे आधीही याच घरात राहत होती. परंतु रोज सकाळी तीन तास त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत घालण्याची जी सवय आम्हांला जडली होती, ती व्यसनाच्या किती जवळ जाणारी होती, हे सुट्टीच्या पहिल्याच सोमवारी अकराच्या सुमारास कळले. माझी पत्नी सकाळी आठच्या लोकलने मुंबईला जाते आणि मी घरून काम करतो. ‘घरून काम’ या शब्दांपैकी ‘घर’ एवढाच शब्द माझ्या आईला ऐकू येतो. त्यामुळे सुट्टीत मुलांना काहीतरी शिकवण्याची जबाबदारी घरातल्या मंडळींनी एकमताने माझ्यावर सोपवली. मत घेतले गेले, तेव्हा मी कानाला यंत्र लावून कार्यालयाच्या बैठकीत बसलो होतो.

कोणत्याही कामाविषयी इतके वाचून काढायचे की ते करायला वेळच उरू नये, ही माझी जुनी पद्धत आहे. त्याप्रमाणे मी बालशिक्षणाचा अभ्यास आरंभला. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि मुलांना उपदेशाऐवजी पाणी ओतणे, बटणे लावणे, झाडणे-पुसणे अशी खरी कामे दिली, हे वाचून मी प्रभावित झालो. त्या १९३९ साली मद्रासजवळच्या अड्यारला आल्या, पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यामुळे शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले आणि तरीही त्यांनी शिकवणे सोडले नाही, हे वाचून तर मला भरून आले. लहान मुलांच्या संगतीत एका आवारात अडकून पडणे म्हणजे काय, हे मीही जाणत होतो. मात्र त्यांच्या पद्धतीच्या लाकडी साधनांच्या किमती पाहिल्यावर माझी भक्ती ताराबाई मोडकांकडे वळली. १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू करणाऱ्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करणाऱ्या ताराबाईंनी शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली. ही साधने फुकट मिळतात, हा सिद्धान्त मला बालशिक्षणातील सर्वांत उदात्त सिद्धान्त वाटला.

पहिल्या दिवशी पाणी ओतण्याचा प्रयोग झाला. एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात पाणी ओतल्याने मुलांच्या हाताला स्थैर्य येते, असे म्हणतात. धाकट्याचा हात इतका स्थिर होता की, दुसरा तांब्या जागेवरून हलवल्यानंतरही त्याने धार जराही हलू दिली नाही. दुसऱ्या दिवशी कणीक, मीठ, तेल आणि हळद यांचा गोळा मळून मातीकाम केले. त्यातला निम्मा गोळा पंख्याच्या पात्याला कसा चिकटला, याविषयी दोन्ही बाजूंचे जबाब परस्परविरोधी आहेत.

तिसऱ्या दिवशी मी मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला. हे तक्ते कोण तयार करतो, हे मला ठाऊक नाही; परंतु तो माणूस शहरात राहत नसावा. ‘ऐ’ला ऐरण, ‘औ’ला औत, ‘उ’ला उखळ आणि ‘ख’ला खल. ऐरण म्हणजे काय, असे थोरलीने विचारले. मी लोहाराचे नाव घेतले, तर तिने लोहार कोण, असे विचारले. मग भाता आला, भात्यामागून भट्टी आली आणि अर्ध्या तासाने मी घामाघूम होऊन पोळपाटावर लाटण्याचे घण घालत असताना आई स्वयंपाकघरातून बाहेर आली व लाटणे काढून घेऊन गेली. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांच्या चौकोनांत चित्रच नव्हते. त्या दोघांना घर मिळाले, पण बिचाऱ्यांकडे राहायला कुणी आले नाही, अशी थोरलीने त्यांची कीव केली. तिच्या भाषाशिक्षणाविषयी मी त्यानंतर निश्चिंत झालो आणि गणिताकडे वळलो.

गणिताची गाडी अठ्ठाविसापर्यंत विनातक्रार जात असे. पुढे थोरली ‘नव्वावीस’ म्हणून थांबायची आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहायची. न्यायाने पाहिले तर तिचे काही चुकत नव्हते. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस अशी सरळ चाललेली वरात एकाएकी ‘एकोणतीस’ म्हणून पुढच्या दशकाच्या मांडवात का शिरते, हे पाच वर्षांच्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगावे? मराठी आकडे लिहिताना दशक आधी आणि म्हणताना एकक आधी, हा घोटाळा वेगळाच. म्हणूनच २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोडपद्धत दिली, तेव्हा केवढे रण माजले! प्रकरण विधानसभेपर्यंत पोहोचले. त्या वेळी मला मुले नव्हती आणि ज्यांना मुले नसतात, त्यांची शिक्षणाविषयीची मते फार ठाम असतात. मीही मराठीचा खून पडल्याचे चहाच्या टपरीवर दोन-तीनदा जाहीर केले होते. आता थोरलीच्या पुढ्यात बसून ‘वीस नऊ’ हा शब्द ओठांवर येई आणि जुन्या भाषणांच्या लाजेने मी तो गिळून टाकी.

“हे बघ,” मी एकदा मूळ व्युत्पत्तीलाच हात घातला, “एकोण म्हणजे एक ऊन. ऊन म्हणजे—”

“ऊन गच्चीवर आहे,” थोरली म्हणाली. “आजीने तिथे गहू घातलेत.”

वर्षाचे गहू वाळवण्यात गुंतलेली आई त्या क्षणी खरोखरच गच्चीवर होती. संस्कृतातल्या ‘ऊन’ शब्दाचा अर्थ ‘कमी’ असा असून डोंबिवलीच्या मे महिन्यातल्या उन्हाशी त्याचा काहीही संबंध नाही, हे मी पुढची दहा मिनिटे समजावले. थोरलीने ते सहनशीलतेने ऐकून घेतले आणि मग पुन्हा ‘नव्वावीस’ म्हटले.

तेव्हा मी ताराबाईंचे स्मरण करून रगड्यासाठी आणलेल्या पांढऱ्या वाटाण्यांची बरणी उघडली. मोजून तीस वाटाणे घेतले, दहा-दहाचे तीन ढीग ताटात मांडले, शेजारी एक रिकामी वाटी ठेवली आणि एकेक वाटाणा मोजत वाटीत टाकायला थोरलीला सांगितले. धाकट्याला मदतनीस नेमले. लहान भावंडाला सामील करून घेतल्याने सहकार्याची भावना वाढते, असे मी कुठेतरी वाचले होते. इतक्यात बैठकीची वेळ झाली, म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. बाहेर विलक्षण शांतता पसरली. मुलांच्या घरातली शांतता कशाची खूण असते, हे अनुभवी माणसाला कळते. मला मात्र ते शिक्षणशास्त्राचे यश वाटले.

वीस मिनिटांनी मी बाहेर आलो, तेव्हा थोरली वाटीवर वाकून बसली होती. “बाबा, एकोणतीस झाले,” ती म्हणाली.

“काय म्हणालीस?”

“एकोणतीस. आधी तीस होते ना? आता एक ऊन आहे.”

मी तिला उचलून घेतले आणि दोन गिरक्या घेतल्या. व्युत्पत्तीसह समजलेली एकोणतीस ही संख्या! ज्या गोष्टीसाठी पाठ्यपुस्तक मंडळाला नवी पद्धत काढावी लागली, ती मी वाटीभर वाटाण्यांत साध्य केली होती. मी ताबडतोब पत्नीला फोन लावला आणि सगळा प्रकार, माझ्या अध्यापनपद्धतीवर थोडा अधिक प्रकाश टाकून, तिला सांगितला. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने एवढेच विचारले, “तिसावा कुठे आहे?”

गणित आणि मातृत्व यांत काय फरक असतो, हे मला त्या प्रश्नाने दाखवले. मी सतरंजी झटकली, कोचाखाली हात घातला, कपाटामागे केरसुणी फिरवली. धाकटा भिंतीला टेकून, अतिशय सभ्यपणे, काहीही न करता बसला होता. त्याच्या श्वासाबरोबर मात्र लांबच्या गाडीसारखी बारीक शीळ ऐकू येत होती.

“वाटाणा कुठे आहे रे?”

“घरात गेला,” धाकटा म्हणाला आणि त्याने उजव्या नाकपुडीवर बोट ठेवले.

मुले वाढवताना नाकी नऊ येतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माझ्या नाकी ते केव्हाच आले होते. धाकट्याच्या नाकी अजून एकच आला होता, परंतु बरणीत शेकड्यांनी शिल्लक होते. आरडाओरडा ऐकून आई गच्चीवरून खाली आली आणि तिने तपकिरीची चिमूट नाकाशी धरायला सांगितले. आमच्या घरात तपकीर आजोबांबरोबरच संपली, हे तिच्याच लक्षात आल्यावर तिने मिरपुडीचा पर्याय सुचवला. शेजारच्या काकू भुवया कोरायचा चिमटा घेऊन धावत आल्या. चिमटा पाहताच धाकट्याने असे भोकाड पसरले की, तिसऱ्या मजल्यावरचे लोकही सल्ला द्यायला खाली उतरले. शेवटी मी त्याला खांद्यावर टाकले, थोरलीचे बोट धरले आणि भर दुपारी रिक्षात बसलो. थोरलीने वाटी बरोबर घेतली होती. ती का घेतली, असे विचारल्यावर, “मोजणी चुकेल,” असे तिने उत्तर दिले.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे आमच्या आधी दोन माणसे होती. त्या अवधीत माझ्या मनात भलते भाषाशास्त्र घोळू लागले. पोरीला ‘वीस नऊ’ शिकवले असते, तर कमी झालेल्या वाटाण्याची आठवण त्या शब्दाने कुणालाही करून दिली नसती. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे सारे शब्द म्हणजे हरवल्याची तक्रारच आहेत. प्रत्येक जण सांगतो की, बाबा रे, एक कुठेतरी गेला आहे, शोध. एकोणनव्वदपर्यंत ही पहारेकऱ्याची शिस्त नीट चालते. नव्व्याण्णव मात्र नव्वद आणि नऊ एवढेच सांगून हात झटकतो. मी ताटात तीसऐवजी शंभर वाटाणे मांडले असते, तर आपल्या भाषेने माझ्या पोराला वाऱ्यावर सोडले असते, या विचाराने मला तिथल्या वातानुकूलित हवेतही घाम फुटला.

डॉक्टर निवांत गृहस्थ होते. “किती वेळ झाला?” त्यांनी विचारले. वाटाणा नाकात ओल धरून फुगतो, म्हणून उशीर नको, आणि घरी चिमटा घातला असता तर तो आणखी आत ढकलला गेला असता, असे ते म्हणाले. “बटणासारखा सेल नाही ना घातला? तो काही तासांत नाक आतून भाजून काढतो. वाटाणा म्हणजे त्यामानाने सज्जन.” मग त्यांनी विजेरीने नाकात पाहिले आणि म्हणाले, “आधी आईचा पापा करून बघू. आई कुठे आहेत?”

“चर्चगेटला,” मी म्हणालो.

“मग बाबाचा चालेल.”

कृती सोपी असते. पालकाने मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवायचे, मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची आणि एक जोरदार, छोटी फुंकर मारायची, म्हणजे आतली हवा अडलेली वस्तू पुढे लोटते. पद्धत नाजूक मायेची आहे. तिच्यात मिशी आणि जेवणात खाल्लेला कच्चा कांदा यांचा विचार केलेला नाही. पहिल्या वेळी धाकट्याला मिशीमुळे गुदगुल्या झाल्या आणि त्याने माझ्या तोंडात खिदळून घेतले. दुसऱ्या वेळी कांद्याचा वास पोहोचला आणि त्याने तोंड फिरवून डॉक्टरांच्या दिशेने ‘ईऽऽ’ केले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्वतः त्याचे डोके धरले, मी डोळे मिटले आणि सुट्टी लागल्यापासूनचा सगळा साठलेला श्वास एका फुंकरीत सोडला. फट्कन आवाज झाला आणि काहीतरी गरम, गुळगुळीत असे माझ्या उजव्या गालावर येऊन चिकटले.

“तीस!” थोरली ओरडली आणि तिने वाटी माझ्या हनुवटीखाली धरली.

डॉक्टरांनी मात्र तो वाटाणा कापसाने टिपला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग त्यांनी धाकट्याची दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कान तपासले, कारण अशा मुलांचे कोठार एकच असते असे नाही. तिथे काही नव्हते. डब्यात गेलेल्या वाटाण्यावरून थोरलीने जे रडगाणे सुरू केले, ते डॉक्टरांचे पैसे चुकते करून रिक्षा मिळेपर्यंत चालले. हिशोब तिचा बरोबर होता आणि तो पुन्हा बिघडवला होता एका मोठ्या माणसाने. शेवटी घरी आल्यावर बरणीतून एक नवा वाटाणा काढून तिला दिला. तिने तो नीट पारखून घेतला, वाटीत टाकला आणि पहिल्यापासून मोजून तीस झाल्याची खात्री केली. बरणी आईने माळ्यावर ठेवून दिली.

रात्री पत्नीने संपूर्ण हकीकत दोनदा ऐकली; दुसऱ्यांदा ती शेजारच्या काकूंकडून ऐकली, आणि त्यात फुंकरीचे श्रेय डॉक्टरांकडे गेले होते. मुलांना अंथरुणावर टाकले, दिवा मालवला. उशाशी वाटी ठेवल्याशिवाय झोपायला थोरली तयार नव्हती आणि तिच्याशी वाद घालण्याचे त्राण कुणातही उरले नव्हते. डोळा लागणार, इतक्यात अंधारात वाटाणे खडखडले आणि तिचा पेंगुळलेला आवाज आला.

“बाबा, एकोणतीस.”

पत्नी माझ्याकडे पाहत आहे, हे मला न पाहताही कळले. धाकटा गाढ झोपला होता आणि त्याच्या बाजूने काहीच आवाज येत नव्हता. मी विजेरी शोधायला उठलो.