१९६९च्या शेवरोले कॅमॅरो झेड/२८ गाडीच्या रिस्टोरेशनविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण मराठीत आणि मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. आपल्या तक्रारी तीन आहेत: हिरव्या रंगाला आरशासारखी चमक नाही आणि दारांच्या आतल्या कडा निस्तेज दिसतात, एवढा खर्च करूनही इंजिनाच्या ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर तासून घेतला नाही, आणि १४ महिन्यांत देऊ म्हटलेली गाडी २३ महिन्यांनी हाती आली.

उशिराचा दोष पूर्णपणे आमचा आहे. बर्फ वितळवण्यासाठी मिशिगनच्या रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने डिकीचा तळ आमच्या अंदाजापेक्षा बराच जास्त खाल्ला होता आणि क्रोमसाठी बाहेर दिलेले बंपर दोनदा परत पाठवावे लागले. कारणे खरी असली, तरी ती आपल्याला त्या त्या वेळी कळवणे आमचे काम होते. मधले चार महिने आमच्याकडून आपल्याला एक फोनही गेला नाही, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

ब्लॉक न तासण्याचा निर्णय माझा होता आणि आजही मी तोच घेईन. १९६९च्या कॅमॅरोच्या, कारखान्याने दिलेल्या गाडी क्रमांकावरून (व्हीआयएन) इंजिन सहा सिलिंडरचे आहे की व्ही-८, एवढेच कळते. ती झेड/२८ आहे की नाही, हे त्यात लिहिलेले नसते. त्यामुळे साध्या कॅमॅरोवर पट्टे रंगवून ती झेड/२८ म्हणून विकण्याचे प्रकार होत आले आहेत. आपली गाडी खरी असल्याचे दोन पुरावे गाडीवरच आहेत. एक, ओहायोतील नॉरवूडच्या कारखान्यात लावलेल्या ट्रिम टॅगवरील, म्हणजे गाडीचा तपशील ठोकलेल्या छोट्या पत्र्यावरील, एक्स३३ ही खूण. आणि दुसरा, उजव्या सिलिंडर हेडच्या लगेच पुढे ब्लॉकच्या छोट्या सपाट पट्टीवर ठोकलेली इंजिनाच्या जुळणीची तारीख, डीझेड ही अक्षरे आणि गाडी क्रमांकाचा शेवटचा भाग. ट्रान्स-ॲम शर्यतींच्या ३०५ घनइंचांच्या मर्यादेत बसावे म्हणून शेवरोलेने झेड/२८साठी बांधलेल्या ३०२ घनइंचांच्या इंजिनाची ही ओळख आहे. ती पट्टी आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग एकाच पातळीत असल्याने सरसकट तासकाम केले असते, तर ते आकडे आणि त्यांच्याखालच्या कारखान्यातील यंत्राच्या समांतर रेषा कायमच्या पुसल्या गेल्या असत्या. आम्ही पृष्ठभाग सरळ धारेची मोजपट्टी लावून जागोजागी मोजला, तो मर्यादेत सपाट निघाला आणि म्हणूनच त्याला हात लावला नाही. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह हे सर्व नवे आहे. मोजमापांचा कागद बिलासोबत द्यायला हवा होता. तो आज आपल्याला पाठवला आहे.

रंगाबद्दल आपली निराशा मी समजू शकतो, कारण प्रदर्शनांत दिसणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या कारखान्यातून निघाल्या त्यापेक्षा कितीतरी अधिक चकचकीत केलेल्या असतात. आपल्या करारात ‘कारखान्यातून आली तशी’ असे शब्द होते. त्या वर्षी ही गाडी ॲक्रिलिक लॅकरने रंगवली जात असे, त्यावर क्लिअर कोट, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर, नसे, आणि दारांच्या आतल्या कडांना पॉलिश करायला जुळणीच्या रांगेत कोणाला सवड नसे. गाडीच्या पोटाखाली कडेकडेने उडालेले हिरवे फवारे आपल्याला निष्काळजीपणा वाटले. ते आम्ही जुना थर काढण्यापूर्वी घेतलेल्या छायाचित्रांवरून, तेवढ्याच रुंदीचे, मुद्दाम मारले आहेत. खरे सांगायचे तर संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ मी त्याच भागावर घालवला. पण असा पृष्ठभाग प्रत्यक्षात कसा दिसतो, हे रंग देण्यापूर्वी एखादा नमुना तुकडा आपल्या हातात ठेवून दाखवायला हवे होते. ते आम्ही केले नाही, आणि म्हणून आपली अपेक्षा वेगळी राहिली.

दारांच्या कडा आपल्याला चकचकीतच हव्या असतील, तर मजुरी न घेता आम्ही त्या करून देऊ. फक्त एकदा घासल्यावर आताचा पोत पुन्हा रंग दिल्याशिवाय परत येणार नाही, त्यामुळे हा निर्णय आपण गाडी समोर ठेवून घ्यावा, अशी विनंती आहे. कोणत्याही शनिवारी या; गाडीचे भाग सुटे करण्याआधीची सर्व छायाचित्रे मी टेबलावर काढून ठेवतो.

आपला,
वर्कशॉपचा मालक