नेपाळी गड्यांबद्दल, ग्रामसभेत न बोललेलं

परवा ग्रामसभेत कुणीसं म्हणालं, बाहेरच्यांना वस्तीला ठेवू नका, त्यांच्यामागून टोळ्या येतात. टाळ्या पडल्या. मी गप्प बसले, आणि घरी येऊन झोप लागली नाही.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच वाडीत गड्याने कपाट फोडलं. त्याचं पूर्ण नाव मालकालाही सांगता येईना. फोटो नाही, ओळखपत्राची प्रत नाही. पोलीस शोधणार तरी कुणाला?

पण आमची आंब्याची कलमं राखतं कोण? दिवाळीच्या सुमारास नेपाळी कुटुंब खोपीत येतं. फवारणी, वानरं हाकणं, रात्रीची राखण, पुढे घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन काढणी. आमची पोरं मुंबईत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरही कितीतरी खलाशी नेपाळीच. १ जूनला मासेमारी बंद झाली की गावी जातात, ऑगस्टच्या तोंडावर परततात. ते आले नाहीत तर कितीतरी बोटी बंदरातच राहतील. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहून काम करता येतं, व्हिसा लागत नाही. म्हणूनच नोंद आपण ठेवली तरच राहते.

आणि टोळ्या? त्या आपल्या किनाऱ्याने पाहिल्यात. १९९३ साली रायगडच्या दिघी-शेखाडीला चोरटा माल उतरला. शेखाडीला आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. ते कुणा मजुराच्या वळकटीतून आलं नव्हतं. किनारा माहीत असलेल्यांनी उतरवलं, कस्टम आणि पोलिसांतल्या विकल्या गेलेल्या माणसांनी वाट दिली. त्यांतल्या काहींना पुढे शिक्षाही झाली. दाऊदचं मूळ गाव मुंबके, आपल्याच खेड तालुक्यातलं. हे आठवलं की मला लाज वाटते आणि रागही येतो.

मला धास्ती वाटते ती मजूर आणणाऱ्या मुकादमाची. तो उचल देतो, कागद स्वतःकडे ठेवतो, मजुरी त्याच्याच हातात जाते. असा अडकलेला पोरगा पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही. उद्या त्याच्या हातात कुणी पुडकं दिलं, तर तो नाही म्हणू शकेल का? टोळीला असाच माणूस हवा असतो.

आमच्या गड्याची माहिती मी स्वतः ठाण्यात देऊन आले. अर्धा तास लागला. त्याची मुलगी आमच्या शाळेत दुसरीत आहे, पाढे मराठीत म्हणते.

पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडतेय: गडी कामावर आला की आठ दिवसांत मालकाने नोंद करायची, आणि कागद कुणाचेही अडकवून ठेवायचे नाहीत. सूचक मी. अनुमोदक हवाय.