620 फूट धुरळा कसा काढावा

सोसायटीत बोअर मारायचाय? मग आमच्या जुळे सोलापुरातल्या 24 फ्लॅटच्या अनुभवी मंडळींकडून शिका की ओ. आम्ही मागच्याच आठवड्यात 620 फूट खाली जाऊन आलोय, आणि तिथनं काय आणलं ते अजून माझ्या गॅलरीतल्या तुळशीवर बसलेलं आहे.

पहिलं म्हणजे सरकारी भूवैज्ञानिकाला अवश्य बोलवा. अर्ज करा, फी भरा, चहा पाजा. ऐकायचं नसतं, पण बोलवा. आमच्याकडे एक मॅडम आल्या, चार सळ्या जमिनीत ठोकल्या, वायरी जोडल्या, करंट सोडला, मीटरवरचा आकडा वहीत लिहिला, मग सळ्या अजून लांब नेऊन परत तेच. खडकात ओल असली की करंट सहज जातो, कोरडा घट्ट दगड असला की अडतो, आणि सळ्या जेवढ्या लांब तेवढा खालचा अंदाज येतो. चेअरमनकाका खुर्चीत बसून म्हणाले, "एवढी शिकलीय आणि सळ्या ठोकत फिरतीय."

रिपोर्ट आला की उघडू नका. लाईटबिलांच्या फाईलीला लावून ठेवा.

आता खऱ्या तज्ज्ञाला बोलवा, म्हणजे नारळवाल्याला. तळहातावर नारळ आडवा धरून तो पार्किंगभर फिरतो आणि जिथं नारळ उभा राहतो तिथं पाणी. आमचा नारळ गेटजवळच्या कोपऱ्यात उभा राहिला, बरोब्बर तिथं जिथं बोअरची गाडी रिव्हर्समध्ये आरामात शिरते. नारळालाही ट्रॅफिकची समज असते बघा. "दोन झरे क्रॉस होत्यात, तीन इंच पाणी," असं सांगून, दक्षिणा घेऊन, नारळही घेऊन गेला.

गाडी रात्रीच आणा. लहान पोरांच्या परीक्षा चालू असतील तर फारच उत्तम.

गाडी आली साडेअकराला. 80 फुटांवर जरा ओलसर चिखल आला, सगळे खूश. 150 च्या आसपास तांबडी माती आली तर टाळ्या काय वाजवल्या, एकानं तर पेढ्यांचं बोलणं काढलं, अरे तो लाव्ह्याच्या दोन थरांमधला तांबडा थर, रिपोर्टात दुसऱ्याच पानावर लिहिलेला होता, पण वाचणार कोण? त्याच्यानंतर नुसता राखाडी धुरळा, गिरणीत पीठ उडावं तसा. 250, 300, 400. दर पन्नास फुटांना कुणीतरी म्हणायचं, "आता थांबलो तर आधीचे पैसे वाया," आणि फुटाचा भाव खाली खाली वाढतच जातो हे ऑपरेटरनं सांगितलं तरी मान डोलवायची. 500 ला काका म्हणाले, खाली पाताळात पाणी असतंच. कुठलं पाताळ ओ? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग ह्याच काळ्या दगडावर बसलाय. त्या दगडात पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या खडकात, मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली जाल तसा दगड घट्ट, एखादी भेग लागली तर नशीब. 2009 चा भूजल कायदा 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांच्या बोअरलाच 'खोल विहीर' म्हणतो, आणि आम्ही 620! पहाटे चारला गाडी बंद झाली तेव्हा भोकातनं वाफ पण आली नाही.

बिल सगळ्यांत समान वाटा. विरोध करणाऱ्याचे साडेसात हजार आधी घ्या.

आणि शेवटी दोष द्या सरकारी लोकांना, "सर्व्हे केला, काय उपयोग झाला?"

जाऊ दे, आता सरळच बोलतो. मी ती फाईल काल काढून वाचली. मॅडमनी साफ लिहिलंय, 150 फुटांच्या खाली जाऊ नका, त्यापेक्षा गच्चीचं पाणी गाळून जुन्या बोअरला सोडा. आपली गच्ची 400 चौरस मीटर. 500 मिलिमीटर पाऊस धरला तरी 2 लाख लिटर होतात, पाचवीतल्या पोराला विचारा. ते सगळं आपण पाईपनं गटारात सोडतो आणि मग नळाला पाणी कधी येणार म्हणून ग्रुपवर हात जोडलेल्या इमोज्या टाकतो. 1972 च्या दुष्काळाच्या काळापासून ही सरकारी भूजल यंत्रणा राज्यभरातल्या ठरलेल्या विहिरी वर्षातनं चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजतीय, त्या उन्हात विहिरीत टेप सोडून पातळी लिहिणारा माणूस तुम्हाला येडा वाटतो आणि नारळवाला शहाणा? एमएस्सी झालेल्या बाईला फी भरून बोलवायचं, तोंडावर हसायचं आणि तिचा कागद लाईटबिलात कोंबायचा, जरा तरी लाज वाटू द्या.

रविवारी परत मीटिंग आहे म्हणे, विषय 'दुसरा पॉइंट'. नारळवाल्याला ॲडव्हान्स गेलाय. मी गच्चीच्या पाईपासाठी प्लंबरचं कोटेशन घेऊन येतोय, त्याच्यावर बोलायचं असेल तर बोला, दुसऱ्या बोअरला माझा एक रुपया मिळणार नाही.